मोइना, डॅफ्निया, सायक्लॉप्स नक्की खातात काय? (रांजण, टाकी, शेततळं, सगळ्यांसाठी)

रांजणवाला
माशांच्या पिल्लांसाठी जिवंत खाद्य करणाऱ्या सोलापूरकरांची एकच रड असते. मोइना (डॅफ्निया, सायक्लॉप्ससारखे पाण्यातले बारीक कवचधारी जीव) सोडले, आठ-दहा दिवसांत रांजण गच्च भरला, आणि एका पहाटे बघावं तर सगळे तळाला. मग कोणी उन्हाला शिव्या देतो, कोणी बोअरला.

माझं म्हणणं असं की बहुतेक कल्चर (भांड्यात वाढवलेले हे जीव) जास्त खाऊ घातल्यानं बसतात, म्हणजे एकदम मरतात. हे जीव घास कसा घेतात तेच बघितलं नाही, तर चमचा किती भरायचा ते कळणार कसं? तेव्हा इथे कोण काय खातं, केवढा कण लागतो, नुसत्या यीस्टवर किती निभतं, सायक्लॉप्स आत शिरला तर काय, एवढं सगळं एकदा नीट लिहून काढू. "मी तर काहीही टाकतो, चालतं" असल्या प्रतिसादांना चहा मिळणार नाही.

भिंगवाला
डॅफ्निया आणि मोइना दोघंही गाळून खाणारे. कवचाच्या दोन झडपांच्या आत छातीच्या पायांच्या पाच जोड्या सतत हलत असतात, मिनिटाला दोनशे-तीनशे वेळा. त्यामुळे झडपांच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. डॅफ्नियात तिसऱ्या आणि चौथ्या जोडीवर बारीक केसांची दाट जाळी असते, तिच्यावर कण अडकतात. तिथून ते पोटाखालच्या खोबणीत येतात, पुढे तोंडाकडे सरकतात, जबडे ते चुरडतात आणि आतड्यात ढकलतात.

या जाळीची भोकं जातीप्रमाणे साधारण ०.२ ते १ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे काही जाती सुटे जिवाणूसुद्धा गाळू शकतात. वरची मर्यादा झडपांची फट ठरवते, ती ३०-४० मायक्रॉनच्या आसपास धरा. क्लोरेला या हिरव्या शेवाळाची पेशी २ ते १० मायक्रॉन, बेकरी यीस्टची ३ ते ६. दोन्ही आरामात बसतात. माशांच्या खाद्याची पूड बोटांनी कितीही चुरली तरी बसत नाही, ती तळाला जाऊन सडते.

बघायचं असेल तर खळगा असलेल्या काचपट्टीवर एकच डॅफ्निया घ्या, कापसाचे दोन-तीन तंतू टाका म्हणजे तो फार उड्या मारणार नाही. यीस्टचं पातळ पाणी काँगो रेड (लाल रंग) घालून उकळून घ्या, गार झालं की त्याचा थेंब सोडा. कमी मोठेपणावरही लाल ठिपक्यांची रांग खोबणीतून तोंडाकडे जाताना स्पष्ट दिसते, आणि काही मिनिटांत आतड्याचं पुढचं टोक लाल होतं. थेंब जरा दाट पडला तर मजा बघा: खोबणीत गोळा तुंबतो आणि शेपटाकडच्या भागाचा आकडा आत येऊन तो अख्खा गोळा बाहेर भिरकावतो. जास्त खाद्य दिल्यावर टाकीत हेच चालू असतं. गाळायची मेहनत होते आणि पोटात काही जात नाही.

आणखी एक. हे चव घेऊन निवडत बसत नाहीत. आकार बसला की गिळलं.

शेंगाचटणी
म्हणजे पंगतीतला भिडस्त पाहुणा. वाढप्यानं ताटात टाकलं ते खाल्लं, ताट भरून वाहायला लागलं की उठून गेला.

खारा_बोअर
मालक, उन्हाला एवढं सहज सोडू नका. मोठ्या जातीचा डॅफ्निया १८ ते २२ अंशांत खुश. २८-३० च्या वर गेला की खाणं, पिल्लं, सगळंच बिघडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच बेचाळीसला टेकते. मोइना २४ ते ३१ मध्ये झकास वाढतो, म्हणून सोलापुरात मार्चनंतर मोइनाच. डॅफ्नियाचा नाद दिवाळीनंतर करा.

बोअरचं म्हणाल तर नुसत्या जडपणानं मोइना मरत नाही. मारतो तो अमोनिया, आणि त्याचं विष पीएचवर ठरतं. ३० अंश तापमानाला पीएच ८ असेल तर एकूण अमोनियातला ७-८ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ९ झाला की तोच ४० टक्क्यांच्या वर. आपलं बोअरचं पाणी आधीच अल्कधर्मी. त्यात शेवाळ गच्च असेल तर दुपारी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं आणि पीएच सहज ९ च्या पुढे नेतं. सकाळी तेच यीस्ट, तोच कचरा, काही होत नाही. दुपारी चारला अर्धे आडवे. लोक म्हणतात ऊन लागलं.

रांजणवाला
खारा_बोअर, तुम्ही माझंच म्हणणं लांबून मांडलंत. अमोनिया आला कुठून? न खाल्लेल्या खाद्यातून.

खारा_बोअर
निम्मा. उरलेला त्यांच्या स्वतःच्या उत्सर्जनातून. लिटरला चार-पाच हजार मोइना झाले की खाद्य बेताचं असलं तरी पाणी घाण होणारच. म्हणून काढणी पण हवी. त्यावर नंतर लिहितो.

नळ_आला
पाणी चार-पाच दिवसाआड येतं त्याचा इथे फायदाच आहे. उघड्या टाकीत साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातो. झाकणबंद ड्रममध्ये मात्र तो टिकतो, तिथे सोडियम थायोसल्फेटचे एक-दोन खडे टाका किंवा पाणी उघड्यावर हलवून ठेवा.

यापेक्षा धोक्याच्या गोष्टी दोन. पहिली, डासांच्या अळ्यांसाठी साठवणीच्या पाण्यात टाकतात ते टेमेफॉस. माणसाला त्या प्रमाणात चालतं, पण ते अळ्यांना मारतं तसंच मोइनालाही मारतं. त्या हौदातलं पाणी कल्चरला अजिबात नको. दुसरी, तांब्याचा हंडा आणि पितळी घागर. रात्रभर ठेवलेल्या पाण्यात उतरलेलं एवढंसं तांबंही या जिवांना सोसत नाही. प्लास्टिक, काच, माती, सिमेंट चालेल. सिमेंटचा हौद नवा असेल तर आधी बरेच दिवस पाणी भरून, ओतून मुरवून घ्या, नाहीतर तो पीएच वर ढकलत राहतो.

रांजणवाला
आता प्रमाणं. बेकरी यीस्ट, सुके दाणे, १०० लिटरला २ ते ३.५ ग्रॅम ही सुरुवातीची मात्रा. पाच दिवसांनी त्याच्या निम्मी. बस्स. "दोन चमचे" म्हणणारे एका दमात तिप्पट टाकतात.

कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचं, ढवळायचं, जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळायचं आणि वरचं दुधाळ पाणी तेवढं टाकायचं. तळाचे गोळे फेकून द्या, ते कुणाच्याच तोंडात बसत नाहीत. टाकल्यावर पाणी किंचित धूसर दिसावं. चोवीस तासांत ते निवळलं तर मात्रा बरोबर. बारा तासांतच निवळलं तर थोडी वाढवा. दुसऱ्या दिवशीही दुधाळ असेल तर खाद्य बंद, पुढचं काही टाकू नका.

हवेच्या पंपाचा दगड वापरू नका. बारीक बुडबुडे कवचाच्या झडपांत अडकतात आणि प्राणी पृष्ठभागावर तरंगत राहतो, खाली जाता येत नाही, तिथेच मरतो. दगड काढा, नळीचं उघडं टोक ठेवा, मोठे बुडबुडे सावकाश येऊ द्या. तेवढ्यानं यीस्ट तरंगत राहतं हा आणखी फायदा.

अक्कलकोट_नाका
यीस्टवर एवढा भर का? यीस्टवर संख्या वाढते, पण त्या मोइनावर वाढवलेली पिल्लं बारकीच राहतात. हिरवं पाणी द्या.

हिरव्या पाण्याची टाकी वेगळी ठेवा, उन्हात. १०० लिटरला १० ग्रॅम अमोनियम सल्फेट, १ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, १ ग्रॅम युरिया, आणि आधीच्या हिरव्या पाण्याची एक-दोन बादल्या लागण (विरजणासारखी). दिवसातून तीन-चार वेळा ढवळा. पाण्याचा रंग चढला की रोज त्यातलं थोडं रांजणात. खत थेट मोइनाच्या भांड्यात टाकायचं नाही, का ते खारा_बोअर यांनी वर लिहिलंय: अमोनियम अधिक चढा पीएच. हिरव्या टाकीतलं खत शेवाळानं शोषून घेईपर्यंत थांबा.

हिरवं पाणी टाकण्याआधी भिंगाखाली एकदा बघा. गोल सुट्या हिरव्या पेशी हव्यात. लांब दोरे किंवा चिकट पुंजके असतील तर ती टाकी ओता आणि नव्यानं लावा.

भिंगवाला
अक्कलकोट_नाका बरोबर आहेत आणि त्याचं कारण रसायनात आहे. कवचधारी प्राण्यांना स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. कात टाकायचं संप्रेरक त्यापासूनच बनतं. हिरव्या शेवाळात योग्य स्टेरॉल असतं. यीस्टमध्ये असतं ते वेगळ्या जातीचं, आणि लांब साखळीची असंतृप्त मेदाम्लं जवळजवळ नसतातच. म्हणून नुसत्या यीस्टवर आई जगते पण अंडी कमी, आणि तिला खाणाऱ्या माशालाही ती मेदाम्लं मिळत नाहीत.

निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, यात स्टेरॉल नसल्यात जमा. त्यातल्या मायक्रोसिस्टिसच्या वसाहती आकारानं मोठ्या, कधी विषारी. अशा पाण्यात डॅफ्निया झडपांची फट अरुंद करून घेतो, त्यामुळे चांगले कणही कमी येतात. तलावावर उन्हाळ्यात जी पोपटी साय धरते ती आणून रांजणात ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दिसायला हिरवं, खायला कुचकामी.

स्पिरुलिनाची पूडही सायनोबॅक्टेरियाच. जोडीला ठीक, २० लिटरला ०.२ ग्रॅम, फडक्यातून गाळून. एकटी नको.

गड्डा_जत्रा
बेसन? ताक? इथे अर्धे लोक तेच टाकतात.

अक्कलकोट_नाका
बेसन तासाभरात बसतं आणि आंबतं. ताकाचे दोन-चार थेंब जिवाणू वाढवतात, मोइना ते जिवाणू खातो, तेवढं खरं. पण मेदाची साय वर धरते आणि हवा अडते. त्यापेक्षा सोयाबीनचं दूध बरं. सोयाबीन भिजवा, वाटा, दोनदा गाळा, १०० लिटरला एक-दोन चमचे पातळ करून.

शेणाचं पण लिहितो. वाळलेलं गाईचं शेण १०० लिटरला ३५-४० ग्रॅम, जुन्या मोज्यात किंवा कापडी पुरचुंडीत बांधून लोंबकळत ठेवायचं. मोइना शेण खात नाही, त्यावर वाढणारे जिवाणू आणि एकपेशीय जीव खातो. म्हणून मोइना सोडण्याआधी पुरचुंडी दोन-तीन दिवस पाण्यात राहू द्या. ताजं शेण नको, प्राणवायू ओढून घेतं.

गड्डा_जत्रा
आमच्या गल्लीत मोज्याचा असा उपयोग कुणाला सांगितला तर परत कुणी घरी चहाला बोलावणार नाही बे. बरं, सायक्लॉप्स मोइनाला खातो का? काही म्हणतात खातो, काही म्हणतात दोघं मिळून राहतात.

भिंगवाला
दोन्ही खरं, वयावर आहे.

सायक्लॉप्सचं खाणं मोइनाच्या अगदी उलट. तो गाळत नाही, पकडतो. जवळून काही हललं की पाण्यातल्या त्या थरथरीवरून त्याला जागा कळते, झेप घेतो, तोंडाच्या उपांगांनी धरतो आणि फाडून खातो. पॅरामिशियम, रोटिफर असले सूक्ष्म जीव, इतरांचे आणि स्वतःचेही नॉप्लियस (अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं), नुकती जन्मलेली मोइनाची पिल्लं, सगळं चालतं. सहा नॉप्लियस अवस्था आणि त्यापुढच्या पाच कोपेपोडिड अवस्था पार करून तो प्रौढ होतो. नॉप्लियस असताना बारीक शेवाळ खातो, मोठा होत जातो तसा शिकारी. म्हणून रांजणात पहिले काही दिवस दोघं सुखानं नांदतात आणि नंतर मोइनाची पिल्लं दिसेनाशी होतात. मोठ्या मोइनाला तो सहसा हात लावत नाही.

मादी ओळखायला सोपी: शेपटाच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. पिशवी एकच असेल आणि मिशा अंगाएवढ्या लांब असतील तर तो डायाप्टोमससारखा कॅलॅनॉइड, सायक्लॉप्सचा चुलत भाऊ. तो मुख्यतः शेवाळावर जगतो आणि कणाची चव घेऊन निवडतो. नको असलेला कण सोडून देतो, जे डॅफ्नियाला फारसं जमत नाही. कॅलॅनॉइड दिसले तर घाबरू नका.

सायक्लॉप्स काढायचा तर जाळीनं नाही जमत, आकार जवळपास सारखाच. काचेच्या नळीनं भरल्या पोटाच्या वीस-पंचवीस मोइना वेचा, स्वच्छ पाण्यात दोनदा धुवा आणि नव्यानं लावा.

नळ_आला
सायक्लॉप्सला एवढं बदनाम करू नका. त्याचा मोठा भाऊ मेसोसायक्लॉप्स डासाच्या नुकत्या फुटलेल्या अळ्या खातो. व्हिएतनाममध्ये डेंगीच्या डासांविरुद्ध पाण्याच्या रांजणांत आणि टाक्यांत तो मुद्दाम सोडला गेला. अळी मोठी झाली की मात्र त्याच्या आवाक्याबाहेर जाते, म्हणून आधीपासून पाण्यात असावा लागतो.

तळ्यातमळ्यात
आणि नारू, माणसाच्या अंगातला तो जंत? तोही सायक्लॉप्सच्या खाण्याच्या सवयीवरच जगत होता. पायविहिरीत माणूस उतरला की फोडातून नारूच्या अळ्या पाण्यात पडायच्या. त्या वळवळतात, आणि वळवळणारं दिसलं की सायक्लॉप्स धरतो. ते पाणी न गाळता प्यायलं की अळी माणसात. फडक्याची दुहेरी घडी करून पाणी गाळायला सांगत ते याच्यासाठीच, सायक्लॉप्स कापडात अडकतो. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ चा, राजस्थानातला. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

पाणपाखरू
विषय निघालाच आहे तर, उजनीच्या फुगवट्यावर येणारे रोहित पक्षी याच बारीक जिवांवर चरतात ना? आणि त्यांचा गुलाबी रंग यांच्यातून येतो म्हणतात. मग लाल डॅफ्निया खाऊ घातले तर मासे लाल होतील का?

भिंगवाला
मोठा रोहित चिखलपाणी चोचीतून गाळून छोटे कवचधारी, किड्यांच्या अळ्या, बिया, शेवाळ असं मिश्र खातो. रंग कॅरोटिनॉइडचा. ते शेवाळात बनतं, कोपेपोड (सायक्लॉप्स, डायाप्टोमस यांचा गट) शेवाळ खातात, त्यांच्या अंगात साठतं, तिथून पक्ष्यात. नारिंगी-लाल कोपेपोडचा रंग हाच.

डॅफ्नियाची आणि मोइनाची लाली मात्र वेगळी, ती हिमोग्लोबिनची. पाण्यात प्राणवायू कमी पडला की ते जास्त हिमोग्लोबिन बनवतात. माशाचा रंग त्यानं खुलत नाही. दुकानात "लाल मोइना, उच्च प्रत" म्हणून विकतात ते खरं तर गुदमरलेल्या पाण्यातून आलेले असतात.

खारा_बोअर
आणि म्हणून रांजणातले पांढुरके मोइना गुलाबी दिसायला लागले की तो इशारा. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी राहतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. "संध्याकाळी ठीक होते, सकाळी मेले" याचं कारण हेच. लाली दिसली की खाद्य थांबवा, एक तृतीयांश पाणी बदला, तळ ढवळू नका.

मोहोळचं_शेततळं
तुमचे रांजण झाले असतील तर आता गुंठ्यात बोलू.

रोहू-कटलाचं स्पॉन (अगदी लहान मत्स्यबीज) तीन दिवसांचं, ६-७ मिलिमीटरचं असतं. त्याच्या तोंडात पहिल्या दिवशी रोटिफर आणि मोइनाची पिल्लं एवढंच मावतं. म्हणून तळ्यात स्पॉन येण्याआधी हे जीव तयार हवेत, आणि ते तयार होण्यासाठी त्यांचं खाद्य तयार हवं. संवर्धन तळ्याला (जिथे स्पॉन वाढवतात) हेक्टरी ७५० किलो शेंगदाणा पेंड, २०० किलो शेण, ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट हे रूढ प्रमाण. गुंठ्याला ढोबळ साडेसात किलो, दोन किलो, अर्धा किलो. निम्मं मिश्रण भिजवून, कालवून, पातळ रबडी करून स्पॉन सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी सगळीकडे शिंपडायचं. उरलेलं दोन-तीन हप्त्यांत, पाणी बघून. कोरडी पेंड फेकली तर एका कोपऱ्यात गठ्ठा होऊन कुजते.

क्रम असा चालतो: पेंड कुजते, जिवाणू वाढतात, मग एकपेशीय आणि रोटिफर, त्यामागून मोइना, सगळ्यात शेवटी सायक्लॉप्स. स्पॉन रोटिफर-मोइनाच्या लाटेवर पडलं पाहिजे. उशीर केला तर समोर प्रौढ सायक्लॉप्सची फौज असते आणि ते नाजूक स्पॉनलाच चावे घेतात. खत टाकून दोन आठवडे स्पॉनची गाडी आली नाही तर घाई करून सोडू नका. तळं पुन्हा तयार करा.

पाण्यातले किडे, पाठीवर पोहणारे वगैरे, मोइनाही खातात आणि स्पॉनही. त्यांच्यासाठी साबण-तेल: हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल आणि त्याच्या एक तृतीयांश साबण, गुंठ्याला साडेपाचशे-सहाशे ग्रॅम तेल धरा. स्पॉनच्या १२ ते २४ तास आधी, वारा पडलेला असताना. किडे हवेसाठी वर येतात आणि तवंगात अडकतात. मोइना विरघळलेला प्राणवायू घेतात, त्यांना फरक पडत नाही.

मोजणी: बारीक नायलॉनच्या जाळीतून ५० लिटर पाणी गाळा, जमलेलं मोजनळीत बसू द्या. १ ते २ मिली गाळ जमला की स्पॉन सोडायला हरकत नाही. तो गाळ कशाचा आहे तेही भिंगातून बघा, नुसतं शेवाळ असेल तर आकडा फसवा.

शेंगाचटणी
गुंठ्याला साडेसात किलो पेंड! इथे चटणीला शेंगा परवडेनात आणि तुमच्या मोइनाची चैन.

रांजणवाला
प्लास्टिकच्या शेततळ्यात पण हेच प्रमाण?

मोहोळचं_शेततळं
हेच, पण दोन फरक. मातीच्या तळ्यात तळाच्या चिखलात मागच्या वर्षीची टिकाऊ अंडी पडलेली असतात, पाणी भरलं की मोइना आपोआप उगवतात. प्लास्टिकमध्ये काही नसतं, म्हणून जुन्या तळ्यातलं गाळलेलं बी आणून सोडावं लागतं. दुसरं, शेततळं खोल असतं, संवर्धनासाठी पाणी मीटर-दीड मीटरच ठेवा, नाहीतर खत पातळ होऊन वाया जातं. आणि आसपासच्या डाळिंबावर फवारणी असेल तर वाऱ्याची दिशा बघा. सायपरमेथ्रिनची नुसती झुळूकही मोइनाला पुरते.

काळ्या मातीचं गढूळ पाणी ओढ्यातून आत घेऊ नका हेही सांगून ठेवतो. भिंगवाल्यांनी वर लिहिलं की यांना चव कळत नाही. चिकणमातीचे कण एक-दोन मायक्रॉनचे, पाण्यात दिवसेंदिवस तरंगतात. डॅफ्निया तेच गिळत बसतो. आतडं भरलेलं, पण भुकेला.

तळ्यातमळ्यात
बाकीच्या मंडळींचंही थोडं. रांजणाच्या भिंतीवर तिळाएवढे, दोन झडपांचे, घरंगळत चालणारे दिसले तर ते ऑस्ट्रॅकॉड. ते तळावरचं कुजकं, भिंतीवरचं शेवाळ आणि मेलेले मोइना खातात. शिकारी नाहीत, पण यीस्टमध्ये वाटेकरी होतात, आणि कवच टणक असल्यानं पिल्लं तोंडात घेऊन थुंकतात. ते फार वाढले म्हणजे तळाला खाद्य साचतंय एवढा अर्थ घ्या.

सिमोसेफॅलस पाणवनस्पतीला मानेनं चिकटून बसतो आणि तिथूनच गाळतो. तो हवा असेल तर जाळी पाण्यातून ओढण्यापेक्षा हायड्रिलाचा झुपका बादलीत झटका. स्कॅफोलेबेरिस पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला खालून लटकतो आणि तिथले कण खातो. कायडोरससारखे अगदी गोल बारके जीव शेवाळाच्या दोऱ्यांना धरून खरवडतात, त्यांना तरंगतं खाद्य देऊन उपयोग नाही.

पहिल्या पावसानंतर माळावरच्या डबक्यांत पोट वर करून पोहणारे परी-कोळंबी म्हणजे स्ट्रेप्टोसेफॅलस. पायांच्या अकरा जोड्या, पोहणं आणि गाळणं एकाच हालचालीत. ढालीसारख्या कवचाचा ट्रायॉप्स त्याच डबक्यात चिखल उकरतो आणि मिळेल ते खातो, त्यात परी-कोळंबी आणि भाऊबंदही आले. दोन्ही एका टाकीत ठेवू नका.

आणि मासे असलेल्या तळ्यात मोठा डॅफ्निया शोधू नका. मासे मोठा जीव आधी वेचतात. ब्रूक्स आणि डॉडसन या दोघांनी १९६५ साली हेच मांडलं: मासे आले की मोठे गाळणारे संपतात, छोटे उरतात. गप्पी सोडलेल्या हौदात जाळी मारून काही मिळणार नाही.

गड्डा_जत्रा
सगळं वाचलं. मूळ प्रश्न कुठे गेला? रांजण का बसतो आणि यीस्टवर किती दिवस?

खारा_बोअर
घ्या. काढणीचं लिहायचं राहिलंच होतं.

लागण लिटरला २५ मोइना. आठवड्याच्या आसपास संख्या चढते. तिथून रोज पाचवा ते चौथा हिस्सा काढायचा, मासे असोत वा नसोत. नको असतील तर गाळून बर्फात ठेवा. काढणी थांबली की गर्दी होते, खाद्य अपुरं पडतं, आणि आपण ते वाढवतो. तिथेच रांजण बसतो, ऊन निमित्त.

रांजण सच्छिद्र, बाहेरून पाणी झिरपून उडतं म्हणून गार राहतो, हे उन्हाळ्यात सोन्यासारखं. पण क्षार उडत नाहीत, काही बाहेरच्या अंगाला पांढऱ्या पट्ट्यांत दिसतात, बाकीचे आत साठत जातात. रोज बोअरचं पाणी भरत गेलात तर महिन्याभरात आत खारं. झिरपलेल्याची भर पावसाच्या किंवा आरओच्या शुद्ध पाण्यानं करा, आरओच्या टाकाऊ पाण्यानं नव्हे.

भिंगवाला
यीस्टवर किती दिवस, याचं उत्तर मोइनाच्या पाठीत आहे. मादी प्रकाशात धरा. पाठीच्या पोकळीत गोल अंडी किंवा पिल्लं भरपूर असतील आणि आतडं रंगीत असेल तर चाललंय ते चालू द्या. अंडी दोन-तीनवर आली तर हिरवं पाणी सुरू करा. पोकळीच्या जागी काळपट टणक डाग दिसला तर ती टिकाऊ अंडी, म्हणजे मोइनानं दुकान आवरायला घेतलं. साधारणपणे निव्वळ यीस्टवर एक-दोन पिढ्या, त्यापुढे हिरवं पाणी किमान दिवसाआड हवंच.

रांजणवाला
टिकाऊ अंडी दिसलीच तर तळाचा गाळ फेकू नका. सावलीत कागदावर वाळवा, डबीत भरून त्यावर महिना लिहा. जूनमध्ये पावसाच्या पाण्यात टाकला की बी तयार.

शेंगाचटणी
डबीवर नाव पण लिहा. घरच्यांनी मिरपूड समजून वरणात घातली तर नवीन धागा काढावा लागेल.

अक्कलकोट_नाका
ज्यांना हिरव्या पाण्याची लागण हवी त्यांनी रिकामी बाटली घेऊन रविवारी सकाळी यावं, निरोप खाजगीत करा. बाटली साबणानं धुतलेली नको.